ब्लूज कुठून आला आणि लोकप्रिय कसा झाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लूज म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: लाकडी घराच्या ओसरीत बसलेला एकटा, गरीब, दुःखी गिटारवाला. पण ब्लूजची पहिली मोठी लाट ज्यांनी अनुभवली त्यांना हे चित्र ओळखूसुद्धा आलं नसतं. त्यांचा ब्लूज म्हणजे तंबूतला खेळ, साटीनचा झगा आणि दागिने घातलेली गायिका, शनिवार रात्रीचा नाच आणि पाऊण डॉलरला मिळणारी ग्रामोफोनची तबकडी. खालचे बरेचसे प्रश्न या दोन चित्रांच्या घोळातूनच निघतात.

ब्लूजचा जन्म नेमका कुठे आणि कधी झाला?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, साधारण १८९० ते १९०५ च्या दरम्यान, तिथल्या कृष्णवर्णीय समाजात. याहून नेमकी तारीख आणि गावाचं नाव कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर बहुधा ते गाव पर्यटन खात्याच्या नकाशावर असतं. जन्मस्थानाचा मान सहसा मिसिसिपी राज्यातल्या 'डेल्टा'ला मिळतो. पण जवळपास त्याच सुमारास टेक्सास, जॉर्जिया, लुईझियाना आणि मिसुरीतही अशी गाणी ऐकल्याच्या आठवणी लोकांनी सांगितल्या आहेत. रेल्वेने आणि हंगामी मजुरीने माणसं सतत इकडून तिकडे जात होती, त्यांच्याबरोबर गाणीही जात होती.

डेल्टा म्हणजे मिसिसिपी नदीचं मुख का?

नाही. मुख तिथून शेकडो मैल खाली, न्यू ऑर्लिन्सच्याही पलीकडे आहे. ब्लूजवाले ज्याला डेल्टा म्हणतात तो मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला सपाट, गाळाच्या मातीचा पट्टा. हा 'जुना, पुराणा' मुलूख आहे असा समज असतो, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचा मोठा भाग दलदल आणि जंगल होता. नदीला बांध घातले गेले, रूळ आले, झाडं तुटली आणि मग कापसाचे प्रचंड मळे उभे राहिले. विल डॉकरीने आपला प्रसिद्ध मळा १८९५ मध्ये सुरू केला. पुढे नावाजलेला गिटारवाला चार्ली पॅटन लहानपणी घरच्यांबरोबर तिथेच राहायला आला. म्हणजे हे संगीत नव्याने वसलेल्या, कामासाठी चहूकडून आलेल्या तरुण मजुरांच्या वस्तीत वाढलं.

ही गुलामगिरीच्या काळातली गाणी आहेत ना?

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. ब्लूज त्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीचं संगीत आहे, म्हणजे ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा गुलाम होते पण जे स्वतः कागदोपत्री स्वतंत्र जन्मले, त्यांचं. 'ब्लूजचा जनक' म्हणवला गेलेला डब्ल्यू. सी. हँडी १८७३ मध्ये अलाबामातल्या फ्लॉरेन्सला जन्मला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं.

पण कागदावरचं स्वातंत्र्य किती होतं? जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, खेचर मालकाचं. कुळाने अर्ध्या वाट्याने कापूस पिकवायचा, वर्षभर मळ्याच्याच दुकानातून उधारीवर पीठ, मीठ, कापड घ्यायचं आणि वर्षअखेरीला मालकाने वही उघडून हिशेब सांगायचा. हिशेबात कूळ बहुतेक वेळा देणेकरीच निघायचं आणि वहीवर प्रश्न विचारायची सोय नव्हती. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून काळ्यांचा मताधिकार जवळजवळ काढून घेतला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य करून काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या रेल्वे डब्यांवर शिक्कामोर्तब केलं. मात्र एक गोष्ट गुलामाला नव्हती ती यांना होती: निघून जाण्याची मुभा. ब्लूजच्या शब्दांत आगगाडी, रस्ता, 'सकाळी उठून जाईन' हे इतकं का येतं, याचं उत्तर बव्हंशी इथे आहे.

आफ्रिकेतून काय आलं?

तयार गाणी फारशी नाहीत. गाण्याची पद्धत आली. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, सूर सरळ न लावता घसरत न्यायचा, आवाजात मुद्दाम खरखर ठेवायची. ढोल मात्र अनेक ठिकाणी टिकले नाहीत. साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांचं बंड झालं, त्यात ढोल वाजवत माणसं गोळा केली गेली. पुढच्याच वर्षी कायदा करून ढोल बंद झाले. तंतुवाद्यांवर तितका कडक डोळा नव्हता. बँजो तर मुळात पश्चिम आफ्रिकी वाद्यांवरूनच तिथल्या गुलामांनी बनवलेला आहे.

मिसिसिपीतल्या कित्येक गिटारवाल्यांचं पहिलं वाद्य त्यांच्या घराची भिंतच होती. झाडूची मूठ बांधायला वापरतात ती तार सोडवायची, दोन खिळ्यांवर लाकडी भिंतीला ताणून ठोकायची, तारेखाली दगड किंवा बाटली सरकवून ती टणक करायची आणि एका हाताने छेडत दुसऱ्या हाताने काच तारेवरून घासत न्यायची. सगळं घर घुमतं. या वाद्याला 'डिडली बो' म्हणतात. पुढे खरी गिटार हातात आल्यावरही बाटलीचा गळा बोटात घालून किंवा चाकूचं पातं दाबून सूर घसरवायची सवय गेली नाही. गिटार तशी स्वस्त होती. सीअर्स रोबकसारख्या कंपनीच्या कॅटलॉगमधून टपालाने मागवता यायची.

म्हणजे आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच का?

थोडंसंच. शेतात एकट्याने दिलेल्या लांब हाका, रूळ टाकणाऱ्या टोळ्यांची गाणी, तुरुंगातल्या कैद्यांची कुदळीच्या ठेक्यावरची गाणी, यांचं ओव्यांशी नातं लावता येईल, कारण ती कामाबरोबर जन्मतात. ब्लूजने त्यांच्याकडून चाली आणि ओळी उचलल्या. पण ब्लूज हे काम करतानाचं गाणं नाही. ते काम संपल्यावरचं, बहुतेकदा पैसे घेऊन, ऐकणाऱ्यांना नाचवण्यासाठी गायलेलं गाणं आहे. गाणारा बिदागीची अपेक्षा ठेवतो. हा फरक लहान नाही.

ब्लूजची रचना कशी असते?

सर्वांत रुळलेला साचा बारा 'बार'चा. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे कडव्याच्या ४८ मात्रा. तीनतालाची तीन आवर्तनं म्हणा ना. प्रत्येक ओळीला एक आवर्तन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत यमक जुळवून निकाल लावायचा. मराठीत जुळवायचं झालं तर काहीसं असं:

पाणी आलं उंबऱ्याशी, आता कणगी कुठं रे नेऊ,
अरे, पाणी आलं उंबऱ्याशी, आता कणगी कुठं रे नेऊ,
मालकाचं देणं डोक्यावर, सांग पाण्याला काय ते देऊ.

ओळ आवर्तनाच्या साधारण अर्ध्यावर संपते, उरलेल्या जागेत गिटार किंवा कॉर्नेट (ट्रंपेटसारखं फुंकवाद्य) उत्तर देतं. पहिल्या ओळीला आधार षड्जावरच्या स्वरसंघाचा (कॉर्डचा), दुसरी ओळ मध्यमावर जाते आणि परत येते, तिसरी पंचमावरून सुरू होऊन खाली उतरते. शब्द तेच असले तरी दुसऱ्यांदा ते वेगळे वाटतात, कारण खालची जमीन सरकलेली असते.

आणि 'ब्लू नोट'? आपल्या कानाला हे समजावणं सोपं आहे. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली एक हलती जागा, तशीच निषादाची, कधी पंचमाच्या किंचित खालची. पियानोच्या पट्ट्यांमध्ये ती सापडत नाही. गळ्यात, सरकत्या काचेखाली किंवा ओढलेल्या तारेत सापडते. पियानोवाले म्हणूनच दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबून ती जागा सुचवतात.

मात्र साचा म्हणजे कायदा नव्हे. सुरुवातीचे गिटारवाले मनाला येईल तेव्हा मात्रा वाढवत, कमी करत. चार माणसांचा वाद्यवृंद उभा राहिला की मगच मोजून वाजवायची गरज पडते.

पहिल्यांदा कोणी ऐकून लिहून ठेवलं?

गंमत म्हणजे एका पुरातत्त्वज्ञाने. हार्वर्डचा चार्ल्स पीबडी १९०१ आणि १९०२ मध्ये मिसिसिपीच्या कोहोमा काउंटीत प्राचीन टेकाडं उकरत होता. खणणारे मजूर काळे, आणि दिवसभर गात असत. एका संध्याकाळी पीबडी आणि त्याचा सोबती बसल्या बसल्या चाकू जमिनीत रुतवायचा खेळ खेळत होते, तर खड्ड्यातून गाणं आलं, अशा अर्थाचं: आम्ही दमून मेलो आणि हे वर बसून खेळतायत. पीबडीने तेही इमानदारीने टिपून घेतलं आणि १९०३ मध्ये अमेरिकन लोकसाहित्याच्या नियतकालिकात छापलं. तो ज्याला मजुरांची गाणी म्हणत होता त्यात ब्लूजच्या ओळी डोकावतात.

त्यानंतर काही वर्षांनी हॉवर्ड ओडम या समाजशास्त्रज्ञाने मिसिसिपी आणि जॉर्जियात शेकडो गाणी गोळा केली. ती १९११ मध्ये छापली गेली. त्यातल्या कित्येक ओळी पुढे वीस वर्षं तबकड्यांवर ऐकू येत राहिल्या.

गायिका मा रेनी सांगायची की १९०२ मध्ये मिसुरीतल्या एका लहान गावी तंबूच्या खेळाशी एक मुलगी आली आणि सोडून गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी विलक्षण गायली. मा रेनीने ते उचललं आणि आपल्या कार्यक्रमात घातलं.

टटवायलर स्टेशनची ती गोष्ट काय आहे?

साधारण १९०३ चा सुमार. हँडी तेव्हा क्लार्क्सडेलमध्ये एका वाद्यवृंदाचा प्रमुख होता. शिकलेला, स्वरलिपी वाचणारा माणूस. टटवायलरच्या स्टेशनवर गाडी नऊ तास उशिरा. त्याला डुलकी लागली. जाग आली ती गिटारच्या आवाजाने. शेजारी एक हडकुळा माणूस बसलेला, कपडे फाटलेले, बुटांतून बोटं बाहेर आलेली. तो तारांवर चाकू दाबून वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा म्हणत होता: दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात तिथे मी चाललो. ते ठिकाण म्हणजे मूरहेड, तिथे 'सदर्न' आणि लोक ज्याला 'यलो डॉग' म्हणत तो मार्ग एकमेकांना छेदत. त्या माणसाचं नाव हँडीने विचारलं नाही.

ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्या पुढची जास्त महत्त्वाची वाटते. मिसिसिपीतल्याच क्लीव्हलंड गावी हँडीचा नऊ जणांचा वाद्यवृंद नाचाला वाजवत होता. कोणीतरी चिठ्ठी पाठवली: आमच्या इकडचं काही वाजवा. मग थोडा वेळ गावातल्या पोरांना वाजवू द्याल का, अशी विनंती आली. एक मोडकी गिटार, एक मँडोलिन, एक जीर्ण बास घेऊन तिघं आले आणि एकच तुकडा संपता संपेना असा घोळवत राहिले. हँडीला ते कंटाळवाणं वाटलं. तेवढ्यात त्यांच्या पायाशी चांदीच्या नाण्यांचा पाऊस पडू लागला. त्याच्या नऊ वादकांना पूर्ण रात्रीचे मिळणार होते त्याहून जास्त पैसे त्या तिघांसमोर पडले. तिथे आपले डोळे उघडले, असं त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. टटवायलरला त्याने ब्लूज ऐकला, क्लीव्हलंडला त्याला बाजार दिसला.

मग हँडीला 'ब्लूजचा जनक' म्हणणं बरोबर आहे का?

त्याने ब्लूज निर्माण केला नाही. कागदावर उतरवून देशभर पोहोचवला. ज्या काळात घराघरात पियानो होता आणि गाणं विकत घ्यायचं म्हणजे छापील स्वरलिपी विकत घ्यायची, त्या काळात हे काम मोठंच होतं. मेम्फिसमध्ये एडवर्ड क्रम्पच्या नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी वाजवलेल्या धूनवरून 'मेम्फिस ब्लूज' १९१२ मध्ये छापलं गेलं. हँडीने त्याचे हक्क ५० डॉलरला विकले आणि दुसऱ्यांनी त्यावर बक्कळ कमावलं. ते हक्क परत मिळायला १९४० उजाडलं. शहाणा होऊन त्याने १९१४ मध्ये 'सेंट लुईस ब्लूज' स्वतःच्या कंपनीतून काढलं. त्यात मध्येच टँगोच्या अंगाचा ठेका येतो, कारण तेव्हा त्या नाचाचं वेड होतं. या एका गाण्याने त्याला जन्मभर पोसलं.

न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन याला मात्र ही पदवी सोसली नाही. १९३८ मध्ये त्याने हँडीला खोटारडा ठरवणारं रागीट पत्र छापून आणलं. त्याच पत्राच्या ओघात 'जॅझ मी शोधला' असं स्वतःबद्दल सांगितल्यामुळे त्याची बाजू जरा पडलीच.

पहिलं ब्लूज गाणं कोणतं?

छापील म्हणाल तर १९१२ मध्ये तीन गाणी पाठोपाठ आली: ओक्लाहोमातून 'डॅलस ब्लूज', 'बेबी सील्स ब्लूज' आणि 'मेम्फिस ब्लूज'. नावात 'ब्लूज' असलेल्या रचना त्याआधीही होत्या. रंगमंचावर कोणी ब्लूज गायल्याची आजवर सापडलेली सर्वांत जुनी बातमी १९१० ची, फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलची आहे. आणि गाणारा होता एका शब्दभ्रमकाराच्या मांडीवरचा बाहुला, दारू प्यायल्याचं सोंग करणारा! खोल दुःखाचा आदिम हुंकार वगैरे म्हणणाऱ्यांना ही बातमी जरूर दाखवावी.

गिटारवाल्या पुरुषांच्या आधी स्त्रिया प्रसिद्ध झाल्या, हे खरं का?

अगदी खरं, आणि बऱ्याच वर्षांच्या फरकाने. १९२० पर्यंत ब्लूजच्या तबकड्या निघत, पण गात असत गोरे कलाकार. कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं: काळ्या गायिकेची तबकडी घेणार कोण? पेरी ब्रॅडफर्ड हा काळा गीतकार न्यू यॉर्कमधल्या कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिला. शेवटी ओके कंपनीने मेमी स्मिथला संधी दिली. १० ऑगस्ट १९२० रोजी तिने 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. महिनाभरात ७५ हजार प्रती खपल्याचं सांगतात; नेमका आकडा सोडा, पण त्यानंतर प्रत्येक कंपनी काळी ब्लूजगायिका शोधायला धावली हे पुरेसं बोलकं आहे. मेमी स्मिथ शेतमजूर नव्हती, हार्लेमच्या रंगमंचावरची मुरलेली कलाकार होती. 'क्रेझी ब्लूज'ही काही शुद्ध बारा बारांचं गाणं नाही.

मग १९२३ मध्ये बेसी स्मिथ आली. टेनेसीतल्या चॅटनूगाची, लहानपणीच आईबाप गेलेले, भावाबरोबर रस्त्यावर गाऊन पैसे मिळवलेली. 'डाउनहार्टेड ब्लूज' या पहिल्याच तबकडीने कोलंबिया कंपनीला सावरलं. तिचा आवाज इतका मोठा होता की ध्वनिवर्धक नसलेल्या तंबूत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा. १९२५ मध्ये तिने स्वतःचा रेल्वे डबा बनवून घेतला. त्यात सगळा ताफा राहायचा, जेवायचा, झोपायचा. दक्षिणेत काळ्या कलाकारांना हॉटेलात खोली मिळत नसे, तेव्हा हा डबा म्हणजे थाट आणि सोय दोन्ही.

मा रेनी तिच्याहून वयाने मोठी. सोन्याच्या नाण्यांचा हार, दातांत सोनं, आणि गावोगाव फिरणारा 'रॅबिट फूट मिन्स्ट्रेल्स'चा तंबू. १९२३ अखेर ती पॅरामाउंट या तबकड्यांच्या कंपनीसाठी गायला लागली तेव्हा तिला या धंद्यात वीसेक वर्षं झाली होती. या बायकांच्या गाण्यांत नवऱ्याचा मार आहे, दारू आहे, तुरुंग आहे, आणि 'तू गेलास तर दुसरा बघीन' हा ठसकाही आहे. १९२८ च्या 'प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज'मध्ये मा रेनी आपण पुरुषी कपडे घालून बायकांच्या घोळक्यात फिरतो असं बिनदिक्कत सांगते. काळ लक्षात घेऊन ऐका.

पुढे इतिहास लिहिणारे आले आणि त्यांनी हे सगळं 'व्यापारी' म्हणून एका परिच्छेदात गुंडाळलं, तर ज्या गिटारवाल्यांच्या तबकड्या जेमतेम खपल्या त्यांना 'अस्सल' ठरवलं. मला हा अन्याय वाटतो.

तबकड्या घेत कोण होतं आणि मिळत कुठे?

'रेस रेकॉर्ड्स' या नावाखाली कंपन्यांनी काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या मालिका काढल्या. जाहिराती 'शिकागो डिफेंडर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून येत. शयनयान डब्यांवरचे काळे परिचर उत्तरेत तबकड्या विकत घेऊन दक्षिणेच्या स्टेशनांवर चढ्या भावाने विकत. बाकी न्हाव्याचं दुकान, औषधाचं दुकान, टपाल.

पॅरामाउंट ही कंपनी तर विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्यांच्या कारखान्याची होती. ग्रामोफोनची लाकडी कपाटं खपावीत म्हणून त्यांनी तबकड्या काढल्या! माल हलका, खरखर भरपूर. पण त्यांच्याकडे मेयो विल्यम्स नावाचा काळा निर्माता होता आणि त्याला शिकागोतल्या लोकांना काय आवडतं ते नेमकं कळायचं.

आणि ती तबकडी बनायची कशाची? दगडाची भुकटी, काजळी आणि त्यांना धरून ठेवणारी लाख. ही लाख बहुतांशी हिंदुस्थानातून, छोटा नागपूरच्या जंगलातून कलकत्त्यामार्गे जगभर जायची. बेसी स्मिथचा आवाज आपल्याकडच्या किड्यांच्या लाखेवर कोरला गेला आहे, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

कलाकारांना पैसे मिळाले का?

तबकडीमागे ठरावीक रक्कम एकदाच, बस्स. बेसीला सुरुवातीला तबकडीच्या वापरण्याजोग्या प्रत्येक बाजूचे १२५ डॉलर मिळत. विक्रीवरचा वाटा नाही. बाकीच्यांना याहून बरंच कमी. खरी कमाई तंबूत आणि नाट्यगृहांत व्हायची, तबकडी ही जाहिरात.

गिटारवाले तबकडीवर कधी आले?

१९२६ मध्ये, टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसनमुळे. आंधळा, डॅलसच्या रस्त्यावर गाणारा. त्याच्या तबकड्या अशा खपल्या की कंपन्या आता गायिका सोडून गावोगावचे गिटारवाले शोधू लागल्या. मिसिसिपीत हे काम जॅक्सन शहरातला दुकानदार एच. सी. स्पीअर करायचा. तबकड्या विकता विकता त्याने चार्ली पॅटनसारखे कलाकार हेरले आणि कंपन्यांकडे पाठवले. पॅटन जून १९२९ मध्ये इंडियानात पहिल्यांदा माइकसमोर बसला. तोपर्यंत तो दोन दशकं मळ्यांवर, झोपडीवजा 'ज्यूक जॉइंट'मध्ये वाजवत होता. गिटार पाठीमागे, डोक्यावर, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. एकटा आणि दुःखी वगैरे तो अजिबात नव्हता.

रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला होता का?

नाही. डेल्टातल्या या गिटारवाल्याने आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे जाऊन कसून सराव केला होता. चौरस्त्याची कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जात असे. आडनाव एक, नातं काही नाही. रॉबर्टने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ऑगस्ट १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ग्रीनवुडजवळ वारला. हयातीत त्याचं नाव मर्यादित होतं. तो 'डेल्टाचा राजा' झाला १९६१ च्या लाँग प्ले तबकडीमुळे, तोही गोऱ्या तरुण श्रोत्यांमध्ये.

ब्लूज म्हणजे दुःखच ना?

शब्द वाचले तर दुःख, तबकडी लावली तर पाय हलतात. १९२८ चं 'इट्स टाइट लाइक दॅट' हे तुफान गाजलेलं गाणं निव्वळ चावट आहे. ते रचणारा जॉर्जिया टॉम म्हणजे मा रेनीचा पियानोवादक थॉमस डॉर्सी. चर्चला ब्लूज म्हणजे सैतानाचं संगीत वाटायचं, पण हाच डॉर्सी पुढे चर्चमधल्या गॉस्पेल संगीताचा जनक मानला गेला आणि ब्लूजच्या लकबी त्याने तिथेही नेल्या.

दुःख होतंच, पण नेमकं असायचं: कापूस खाणारा किडा, तुरुंग, पूर. एप्रिल १९२७ मध्ये ग्रीनव्हिलजवळ मिसिसिपीचा बांध फुटला, हजारो काळी माणसं बांधावरच्या छावण्यांत अडकवून कामाला जुंपली गेली. पॅटनने त्यावर तबकडीच्या दोन्ही बाजू भरणारं गाणं केलं. बेसीचं 'बॅकवॉटर ब्लूज' मात्र त्या पुरावर नाही, लोक तसं समजतात तरी. ते फेब्रुवारीतच मुद्रित झालं होतं. पूर आला आणि गाणं त्याला चिकटलं.

गोऱ्यांच्या इस्पितळाने दारातून परत पाठवल्यामुळे बेसी स्मिथ गेली, हे खरं का?

असं झालं नाही. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे क्लार्क्सडेलजवळ ६१ क्रमांकाच्या महामार्गावर तिच्या गाडीला अपघात झाला. तिथे थांबलेल्या डॉक्टरने नंतर सांगितलं की तिला थेट काळ्यांच्याच इस्पितळात नेलं गेलं. त्या काळी दक्षिणेत कोणी चालक काळ्या रुग्णाला गोऱ्यांच्या इस्पितळात नेण्याचा विचारही करत नसे. परत पाठवल्याची बातमी एका संगीत मासिकात ऐकीव माहितीवर छापली गेली आणि टिकून राहिली. वास्तव त्या अफवेपेक्षा सौम्य होतं असं मात्र मला वाटत नाही. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत शिळा नव्हती.

पहिली लाट ओसरली कशी?

मंदीने. अमेरिकेत १९२७ मध्ये दहा कोटींच्या आसपास तबकड्या खपल्या होत्या, १९३२ मध्ये साठेक लाख. पॅरामाउंट बंद पडली, मा रेनी जॉर्जियाला घरी परतली. ब्लूज मात्र लोकांबरोबर गाडीत बसून शिकागोला गेला. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडी वॉटर्सचा आवाज १९४१ मध्ये अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयासाठी मुद्रित झाला. दोन वर्षांनी त्याने शिकागोची गाडी पकडली, तिथे विजेची गिटार घेतली, आणि मग ती वेगळीच कथा सुरू होते.

आपल्याकडे हे संगीत कधी पोहोचलं?

आडवळणाने, जॅझबरोबर. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्याबरोबर वाजवून आणि त्यांच्या तबकड्या ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचा शिक चॉकलेट हे त्यातलं मोठं नाव. पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्याचा ट्रंपेट आणि ती लय आली. हा अर्थातच जॅझ, थेट ब्लूज नव्हे; पण जॅझवाल्याच्या पोतडीत बारा बार असतातच. निखळ ब्लूजचा मोठा महोत्सव मुंबईत २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरू लागला आणि लुईझियानातल्या कुळाच्या घरात जन्मलेल्या बडी गाय या गायक-गिटारवाल्याने तिथे गाऊन दाखवलं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

रॉबर्ट जॉन्सनपासून नको, सगळे तिथूनच सुरू करतात. आधी 'क्रेझी ब्लूज' ऐका. ते अमेरिकेत २०२२ पासून हक्कमुक्त आहे, सहज मिळतं. मग बेसी स्मिथचं १९२५ चं 'सेंट लुईस ब्लूज'. त्यात कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग आहे. ओळ संपली की तो काय बोलतो तिकडे कान ठेवा. मग मा रेनीचं 'सी सी रायडर', ब्लाइंड लेमनचं 'मॅचबॉक्स ब्लूज', लेरॉय कारचं 'हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज'. हेडफोन लावा, खरखरीची सवय दोन-तीन गाण्यांत होते.

चार्ली पॅटनचं 'पोनी ब्लूज' शेवटी. शब्द कळले नाहीत तर इंग्रजी कच्चं आहे असं समजू नका. त्याच्याबरोबर वाजवणारा सन हाउसही म्हणायचा की पॅटनच्या पायाशी बसलं तरी तो काय गातोय ते कळत नसे.